पिंपात पाळलेला मेम्ब्रेन

मित्रांनो, गुंडाळलेल्या चटईसारखा दिसणारा मी एक म्हातारा मेम्ब्रेन आहे. माझ्या पोटात पातळ पडदे आहेत आणि मधोमध एक नळी. कारखान्यातच मला बजावलं होतं, पाणी आत घे, मीठ बाहेर ठेव.

आमच्या पाणीकेंद्राची विहीर खारट. पंप ते पाणी जोराने माझ्यावर ढकलायचा. गोडं पाणी पडद्यांतून झिरपून नळीत यायचं आणि उरलेलं, आणखी खारट झालेलं पाणी गटारात जायचं. पहिल्या दिवशी लोकांनी ओंजळीने पाणी पिऊन पाहिलं आणि एकमेकांकडे बघून हसले. काय रुबाब होता माझा!

पुढे माझ्यावर क्षार चढले. नवा मेम्ब्रेन आला. केंद्र चालवणारे काका मला भंगारात टाकायला निघाले, तर नळावर कॅन भरणाऱ्या काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला पिंपात ठेवलं. मेम्ब्रेन कोरडा पडला की संपला, हे त्यांनी काकांकडूनच ऐकलं होतं. औषध घातलेलं पाणी त्या न विसरता बदलायच्या.

“अगं, मासा पाळलायस का?”

“हो. तुमच्यापेक्षा कमी बोलतो.”

मग विहिरीचं पाणी खोल गेलं आणि कमी पडू लागलं. शिवणकाम उरकून रांगेत शेवटी येणारी शिंपीणबाई रिकामा कॅन घेऊन परत जाऊ लागली.

“काका, निम्मं पाणी तर गटारात चाललंय!”

“ते फार खारट आहे, बाई. त्याच्यासाठी आणखी एक मेम्ब्रेन कुठून आणू?”

काकूंनी पिंपाकडे बोट दाखवलं. “अहो, आणि हा मासा?”

काकांनी मला आंबट औषधाने धुतलं आणि गटाराकडे जाणाऱ्या पाण्यावर बसवलं. मी सगळा जोर लावला. काकांनी माझं पाणी चाखून तोंड वाकडं केलं. पिण्याजोगं नव्हतं, पण विहिरीच्या पाण्याहून बरं होतं. ते त्यांनी विहिरीच्या पाण्यात मिसळून नव्या मेम्ब्रेनकडे पाठवलं. गटाराची धार बारीक झाली. शिंपीणबाईचा कॅन काठोकाठ भरला!

“अगं, तुझा मासा पोहायला लागला!” काका ओरडले. काकू हसता हसता खालीच बसल्या.

आता काकू नाहीत. पण सुटीच्या दिवशीही काका येतात, माझ्यातून पाणी खेळवतात आणि म्हणतात, “कोरडा पडू नकोस रे, ती रागावेल.”

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी जुनं झालं असेल. त्याला ओलं ठेवा. शिंपीणबाई अजून शेवटीच येते, आणि भरलेला कॅन घेऊन जाते.