चौथ्या गाण्याला मान हलवू नका

माझ्या धाकट्या भावाच्या रॉक बँडचं नाव ‘गंजलेली कुलपं’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अरे, निदान तेल घातलेली तरी म्हण! पण ऐकेल तो भाऊ कसला. तो ड्रम बडवतो आणि औषधांच्या दुकानात काम करणारी त्याची मैत्रीण गाते. तिचा आवाज असा की सगळे तिला भोंगाच म्हणतात, आणि तीही खुशाल ओ देते.

त्यांचा पहिला अल्बम निघाला. मावशी ‘छान हं’ म्हणाली, आत्या ‘छानच हं’ म्हणाली, आणि बाहेरचं कुत्रंही विचारेना. भोंगा पार खचली. “ताई,” ती मला म्हणाली, “आपल्या माणसांचं कौतुक काय धरायचं? महिनाअखेरपर्यंत एका तरी परक्या माणसाने आपणहून म्हणायला हवं, हे कुणाचं आहे, मला पाहिजे. नाहीतर मी सोडतेय.”

ती गेली म्हणजे बँडच संपला. भावाची जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवायची सवय बंद झाली. त्या टकटकीवरून मी आयुष्यभर त्याच्यावर खेकसत आले, आणि आता ती ऐकू येईना तर मला घास गिळवेना.

माझं केस कापायचं दुकान आहे. बायका, पुरुष, सगळे येतात. म्हटलं, परकी माणसं हवीत ना? इथे रोज खुर्चीत येऊन बसतात. मी अल्बम दिवसभर लावायला लागले. कुणाचा आहे ते सांगायचं नाही, अशी भोंग्याची सक्त ताकीद. माझी जीभ म्हणजे काय चीज आहे ते माहीत असूनही!

पहिला टॅक्सीवाला. म्हणाला, “कुणाची तरी भांडी पडतायत.” बेकरीवाल्याने विचारलं, “ही बाई कुणाशी भांडतेय?” मी म्हटलं, “तुमच्याशी.” हॉस्पिटलातली नर्स तर दुसऱ्याच गाण्याला घोरायला लागली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण हातात कात्री असताना रागावता येत नाही.

पण एक गोष्ट माझ्या बोटांना कळायला लागली. चौथ्या गाण्यात, ऐन रंगात आलेलं असताना, ड्रम एकदम थांबतो. सगळंच थांबतं. आता वाजेल, आता वाजेल असं वाटतं, तरी वाजत नाही, आणि मग उशिरा ड्रमचा ठोका धाडकन पडतो. भावाने हट्टाने ठेवलेली जागा ती. भोंगा कितीदा भांडली होती, “लोकांना वाटेल वीज गेली!”

केस कापताना माझी डावी बोटं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर असतात. तोंड उघडायच्या आधी मान काय म्हणते ते मला कळतं. त्या जागेवर टॅक्सीवाल्याची मान आधी ताठ झाली, आणि ड्रम पडला तशी खाली आली. बेकरीवाल्याचीही तीच गत. तोंडाने नावं ठेवत होते आणि मानेने दाद देत होते, लबाड कुठले! शेवटी मी त्या जागेवर कात्री वर उचलून धरायला शिकले.

भोंग्याला सांगितलं तर म्हणाली, “मान अवघडली असेल. ताई, वेडी माया आहे तुझी.”

“वेडी तर वेडी. शनिवारी येऊन बस आणि डोळ्यांनी बघ.”

आली. महिन्याचा शेवटचा शनिवार, बाकावर गिऱ्हाइकं दाटीवाटीने बसलेली, त्यात ती मासिकात तोंड खुपसून. आणि खुर्चीत कोण, तर वकीलबाई. कौतुकाचा एक शब्द हवा असेल तर या बाईंना नोटीस पाठवावी लागेल. बसायच्या तर अशा, की पुतळाही चुळबुळ करेल पण त्या नाहीत.

“हा गोंगाट कमी कर गं,” त्या बसतानाच म्हणाल्या.

मी कपाळावरचे केस कापायला घेतले. चौथं गाणं लागलं. भोंगा बघतेय की नाही म्हणून मी आरशात डोकावले, आणि घात झाला. कात्री उचलायची राहिली. ड्रम थांबला, पडला, आणि वकीलबाईंची अख्खी बट माझ्या हातात आली.

कपाळाच्या मधोमध खिंडार!

“बाई, तुम्ही मान हलवलीत,” मी कशीबशी म्हणाले.

“मी? मी मान हलवत नसते. लाव ते पुन्हा, सिद्ध करून दाखवते.”

लावलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, दात आवळले. बाकावरच्या सगळ्यांनी श्वास रोखला. ड्रम थांबला. वकीलबाईंच्या मानेची शीर न् शीर ताठ. थांबला, थांबला, आणि पडला धाडकन! बाईंची मान खाली, बाकावरच्या सगळ्यांच्या माना खाली, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा वकीलबाईंना हसताना पाहिलं. खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“हरले,” त्या म्हणाल्या. “कुणाचं आहे हे? मला पाहिजे.”

माझी जीभ दातांखाली. पण बाकावरून मासिक खाली पडलं, आणि भोंगा उभी राहिली. “आमचं आहे,” ती म्हणाली, आणि त्या भल्यामोठ्या आवाजाचं पार पाणी पाणी झालं.

तिने तिथेच फोन लावला. पलीकडे माझा भाऊ नुसतंच “बोल” म्हणाला, जीव मुठीत धरून.

“उद्या तालमीला ये, मेल्या,” भोंगा रडत ओरडली. “आणि ती थांबायची जागा आहे ना, ती अजून लांबव!”