अकराव्या काचपेटीतली कात

मी कात बोलतेय. सापाची नव्हे, विंचवाची. एखाद्याचे दिवस पालटले की तुम्ही म्हणता, 'त्यानं कात टाकली.' टाकलेल्या कातीचं पुढं काय झालं, हे कुणी विचारत नाही. मी सांगते, पण आजही सांगताना जीव घाबरा होतो.

त्याच्या अंगावर आले तेव्हा मी मऊ होते. दोन-तीन दिवसांत टणक झाले. पुढं कित्येक महिने डोक्यापासून नांगीच्या टोकापर्यंत मीच त्याला सांभाळलं.

आमची प्रयोगशाळा विंचवाच्या विषापासून औषध करायची. अकरा विंचू, अकरा काचपेट्या. आम्ही शेवटच्या पेटीत. आमची देखभाल करणारी ताई कामाला चोख. घरी जाण्याआधी ती पडदे ओढायची आणि जांभळ्या उजेडाचा टॉर्च फिरवायची. त्या उजेडात आम्ही कवचं हिरवी चमकतो. झाकण न उघडता मोजणी व्हायची. "अकरा! सगळी मंडळी हजर," असं म्हणून ती हसायची.

तो वाढत गेला, मला वाढता येईना. एका दुपारी मी डोक्यापाशी फाटले आणि तो हळूहळू बाहेर आला. पांढुरका, लिबलिबीत. मी झाडाच्या सालीआड तशीच उभी राहिले. डोळ्यांवरचा पारदर्शक पापुद्राही माझ्याकडेच राहिला, त्यामुळं पुढचं सगळं मला बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी घरी निघताना अ‍ॅप्रन खुंटीला अडकवल्यावर ताईला आठवलं, आमच्या पेटीत पाणी ठेवायचं राहिलंय. तिनं झाकण उचललं, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"अगं, किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे! किती वेळा सांगू?"

बोलत बोलत ती खिडकीशी गेली. झाकण एका बाजूनं उघडंच राहिलं. तो सालीवरून चढला, फटीतून निघाला आणि शेजारी लोंबणाऱ्या अ‍ॅप्रनच्या खिशात शिरला.

मग परत येऊन तिनं पाणी ठेवलं, झाकण लावलं आणि टॉर्च लागला. मी चमकले. काय करणार, तो माझा गुणच. कोवळं कवच मात्र चमकत नाही, त्यामुळं खिशातून डोकावणारा तो दिसलाच नाही.

"अकरा," ताई म्हणाली.

मला ओरडायचं होतं. पण माझ्या आत ओरडायला कुणी उरलं नव्हतं.

सकाळी तिनं अ‍ॅप्रन चढवला. एव्हाना त्याची नांगी टणक होत आली असणार. मला दोघांचीही भीती वाटत होती. तिचा हात पडला तर ती जायची, नाहीतर तो चिरडला जायचा.

तो विष काढायचा दिवस होता. प्रयोगशाळेच्या साहेबांनी मला चिमट्यात उचललं. ताईचा हात पेनासाठी खिशाकडे गेला.

"हा इतका हलका कसा?" साहेब पुटपुटले आणि एकदम ओरडले, "ताई, थांबा! ही नुसती कात आहे. विंचू बाहेर आहे!"

बोटं खिशाच्या तोंडाशी थांबली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब... खिशात काहीतरी हलतंय."

साहेबांनी कात्रीनं अ‍ॅप्रनचे बंद कापले आणि अख्खा अ‍ॅप्रन अलगद घमेल्यात उतरवला. खिशातून तो बाहेर आला, नांगी उगारून.

आता मी ताईच्या टेबलावर एका डबीत असते. मोजताना ती प्रत्येक पेटीवर टिचकी मारते आणि आतला हलेपर्यंत पुढं सरकत नाही.

समोरच्या पेटीत तो माझ्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे नव्या कवचाच्या, आत फिरतो. बाई गं, त्याला नीट सांभाळ. आणि तो तुला टाकून जाईल त्या दिवशी, जमलं तर, चमकू नकोस.