बंद सिग्नल, गोपालपुरा बायपास

मयूरी वानखडेला नोकरी लागली हे अख्ख्या जयपूरला ठाऊक होतं. नोकरीला तेवढं ठाऊक नव्हतं.

गोपालपुरा बायपासवर, कोचिंग क्लासेसच्या पाट्यांच्या दाटीत, दुमजली घराएवढा एक फ्लेक्स उभा होता. त्यावर बारा चेहरे आणि वर ठळक इंग्रजीत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. खालच्या रांगेत डावीकडून दुसरी मयूरी. काळा ब्लेझर, हाताची घडी, हनुवटी जराशी वर. हनुवटी किती वर धरायची हे कॉलेजने साठ तासांच्या ‘कॅम्पस टू कॉर्पोरेट’ कोर्समध्ये शिकवलं होतं. ब्लेझर मात्र कॉलेजकडे एकच होता. बाराही जणांनी तो आळीपाळीने घातला. मुलींच्या वेळी पाठीमागून चार सेफ्टी पिना लावल्या, त्या पुढून दिसत नव्हत्या.

मयूरीचे वडील भीमराव हा फ्लेक्स दिवसातून दोनदा पाहत. मानसरोवरहून ड्यूटीवर जाताना एकदा, येताना एकदा. रेल्वेत सिग्नल मेंटेनर, नोकरी सव्वीस वर्षं. रेल्वेचं नवं झोन झालं तेव्हा बदलीचा ऑप्शन भरून अकोल्याहून इकडे आले, येताना अकोल्याची बोली जशीच्या तशी घेऊन आले. पहिले पंधरा दिवस त्यांनी स्कूटर थांबवून फ्लेक्स पाहिला. मग न थांबवता पाहिला. मे महिना लागल्यापासून तिथे आलं की ते मान दुसरीकडे वळवत.

झालं होतं असं. आदल्या ऑगस्टमध्ये एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी कॉलेजात आली आणि बारा मुलांना पत्रं देऊन गेली. मयूरीच्या आईने, सुधाबाईंनी, गल्लीत पेढे वाटले. पत्रात शेवटी एक ओळ होती : रुजू होण्याची तारीख यथावकाश कळवण्यात येईल. मग तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या. फेब्रुवारीत कंपनीचा मेल आला की रुजू होणं पुढील सूचनेपर्यंत लांबलं आहे, आपल्या संयमाची आम्हाला कदर आहे. मेमध्ये कंपनीचा फोन कुणी उचलेना. बुद्धपौर्णिमेला विहारात सात जणांनी विचारलं, “पोरगी कधी चालली बंगलोरला?” आठव्याने विचारायच्या आत सुधाबाई खीर न घेताच घरी आल्या.

त्या रविवारी मयूरी जेवता जेवता म्हणाली, “पप्पा, गुरुवारी एक कंपनी येणारे कॉलेजमध्ये. इथलीच, विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियाची. इलेक्ट्रिकचे पॅनल बनवतात. तीन जागा आहेत. या वर्षीची लास्ट कंपनी.”

“मंग बस ना.”

“माझं नाव लिस्टमध्ये नाहीये.”

“काऊन?”

“मी प्लेस्ड आहे ना! मतलब, एक स्टुडंट, एक जॉब. ज्याला मिळाला त्याला दुसऱ्या कंपनीला बसता येत नाही. रूल आहे.”

“पण तुले भेटला कुठं?”

“लिस्टमध्ये भेटला.”

भीमरावांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. राग आला की ते आवाज चढवत नसत, खाली आणत. त्यामुळे घरात एकदम शांतता झाली की सुधाबाई गॅस बंद करून बाहेर येत. तशा त्या आल्या.

“अवो, जाऊन भेटा ना त्या सरले. मराठी माणूस हाय म्हणे.”

सोमवारी भीमराव रजा टाकून कॉलेजात गेले. अर्ज दोन प्रतींत, एक द्यायला आणि दुसरी सही-शिक्क्याची पोच घ्यायला. सव्वीस वर्षांत त्यांनी तोंडी एकही काम केलं नव्हतं. यार्डातला सिग्नल उघडायचा तरी आधी स्टेशन मास्तरला लेखी मेमो द्यायचा, हा सिग्नल अमुक वाजल्यापासून बंद समजावा. मास्तरची सही आल्यावरच पाना लावायचा. काम संपलं की चालू झाल्याचा दुसरा मेमो. या दोन कागदांच्या मधल्या वेळात त्या सिग्नलच्या भरवशावर गाडी सोडणारा माणूस रेल्वेत टिकत नसे, आणि गाडीतली माणसंही टिकत नसत.

मोरेश्वर आगाशे हे कॉलेजचे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर. पुण्याचे. कार्यालय थंडगार, भिंतीवर चढत जाणारा बाण, बाणाच्या टोकावर टायवाला माणूस.

“या, या वानखडे! मयूरीचे बाबा ना? फार गुणी मुलगी. काय हनुवटी धरते हो! बसा. परमुलखात आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं.”

भीमराव बसले. अर्ज पुढे केला. आगाशेंनी वाचला आणि हसले. हसणं कोर्समधलंच होतं, डोळ्यांपर्यंत जात नव्हतं.

“अहो, तिला नोकरी आहे.”

“कुठं हाय?”

“ऑफर आहे.”

“साहेब, ऑफर आन् नोकरी एकच असती, तं मी आज डीआरएम असतो. सायबांनी मले लय येळा म्हटलं, वानखडे तुम्ही वर जाणार.”

“हे बघा, मार्केट डाऊन आहे. सगळ्यांचंच आहे. वाट बघणं हेसुद्धा आता एक स्किल आहे. आपण त्यावर तीन तासांचं सेशनच घेतोय शनिवारी. पाठवा तिला.”

“तिले वाट पाहता येते. नऊ महिने पाहून रायली. तुमी फक्त प्लेस्डच्या यादीतून नाव काढा. गुरुवारी बसू द्या. नाही निवडली तं नाही निवडली.”

आगाशेंनी खुर्ची पुढे ओढली. आवाजात घरगुती गोडवा आला.

“तुम्ही आपले म्हणून खरं सांगतो. बारातून एक गेला तर किती उरतात? अकरा. मग टक्के किती? एक्क्याण्णव पॉइंट सहासष्ट. फ्लेक्स छापलाय शंभरचा. ॲडमिशनचा सीझन तोंडावर आहे, फ्लेक्स जुलैपर्यंत बुक आहे. आता त्यावरची एक मुलगी बेकार म्हणून इंटरव्ह्यूच्या रांगेत उभी राहिली, तर कसं दिसेल?”

“म्हंजे तुमच्या फ्लेक्ससाठी पोरीनं घरी बसाचं.”

“असं निगेटिव्ह का घेता? तिचा चेहरा शहरभर आहे! आमच्या मुलांना नाही कुणी असं लावलं.”

“तुमचा मुलगा काय करते?”

“तो ऑस्ट्रेलियाला असतो,” आगाशे म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहू लागले.

भीमरावांनी दुसरी प्रत सरकवली. “यावर पोच द्या. अर्ज भेटला म्हणून.”

“अहो, आपल्या माणसांत कसली पोच!”

“आपल्या माणसाले त पहिले लागते.” हे वाक्य भीमराव इतक्या खालच्या आवाजात बोलले की आगाशेंनी पुन्हा विचारलं, काय म्हणालात? भीमराव म्हणाले, काही नाही.

पोच मिळाली नाही. चहा मिळाला. तो भीमरावांनी तसाच ठेवला. मंगळवारी ते ड्यूटीवर गेले, तीन रिले बदलले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी गच्चीवरच्या जुन्या पलंगाच्या दोन लांब फळ्या काढल्या आणि पांढऱ्या रंगाने रंगवल्या. मयूरीने विचारलं तर म्हणाले, “वाळू दे.”

रेल्वेत वापरात नसलेला सिग्नल तसाच उघडा ठेवत नाहीत. ड्रायव्हर लांबून येतो, त्याला काय माहीत हा खांब मेलाय? म्हणून त्या सिग्नलवर दोन पट्ट्या आडव्यातिडव्या ठोकतात, फुलीसारख्या. फुली दिसली की ड्रायव्हर समजतो : ह्याचं काही खरं नाही, पुढे बघ.

बुधवारी सकाळी सात वाजता भीमराव गोपालपुरा बायपासवर पोचले. रेल्वेची शिडी खाजगी कामाला वापरणं नियमात बसत नव्हतं, म्हणून शेजारच्या रंगाऱ्याची मागून आणली होती. रजेचा अर्ज मंजूर होता. खिशात कार्बन घालून लिहिलेला मेमो होता. शिडी लावली, वर चढले. मुलीचा चेहरा जवळून दोन हात रुंद होता. नाकावर कबुतराने काही केलं होतं. ते त्यांनी आधी रुमालाने पुसलं. मग तारेने पहिली फळी बांधली, कपाळापासून ब्लेझरच्या खिशापर्यंत. मग दुसरी. खाली उतरून मेमो खांबाला चिकटवला :

‘खालची रांग, डावीकडून दुसरा चेहरा. वेळ ७.२० पासून बंद समजावा. यावर विश्वासून कोणीही पुढे जाऊ नये. बी. एस. वानखडे, पालक.’

खाली इंग्रजीत आणि हिंदीतही लिहिलं होतं. नियम म्हणजे नियम.

सात ते नऊ ही बायपासवर कोचिंगची वेळ. पाठीला दप्तरं लावलेल्या मुलांची रांग थांबली. पालक थांबले, मुलांना इंजिनियर करायला सीकर-झुंझुनूहून आलेले, हातात कॉलेजांची माहितीपत्रकं.

“ये क्या है, भाईसाब?” एकाने विचारलं.

“सिग्नल खराब है.”

“लड़की कौन है?”

“मेरी है. नौकरी नहीं लगी. इनके बोर्ड पे लगी है.”

त्या गृहस्थाने हातातलं माहितीपत्रक उघडलं. त्यातही तेच बारा चेहरे. त्याने पत्रक पाहिलं, फ्लेक्स पाहिला, मग आपल्या मुलाकडे असं पाहिलं, जणू सगळं त्याच्यामुळेच झालं.

गर्दीतून एक पोरगा पुढे आला. गळ्यात समोरच्या कोचिंगचं ओळखपत्र, बोटांना खडू. भीमराव त्याच्याकडे पाहत राहिले. चेहरा ओळखीचा वाटत होता. मग त्यांनी वर पाहिलं. वरच्या रांगेत उजवीकडून तिसरा, त्याच ब्लेझरमध्ये, कौशिक. आता तो अकरावीच्या मुलांना फिजिक्स शिकवत होता.

“अंकल,” तो म्हणाला, “पट्टी और है क्या?”

“दोच होत्या.” भीमरावांनी इकडेतिकडे पाहिलं. “बांबू चलेगा?”

कौशिक सरांची फुली कौशिक सरांनी स्वतः बांधली. खाली त्यांचे विद्यार्थी टाळ्या वाजवत होते. वर्षभर इतकं लक्ष देऊन त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

पावणेनऊला, भीमराव फळीची तार घट्ट करायला पुन्हा वर चढले असताना, आगाशे कारमधून उतरले. टाय होता, पण गाठ सुटत आली होती.

“वानखडे! खाली उतरा आधी! हा काय तमाशा? कॉलेजची प्रॉपर्टी आहे ही, पोलिसांना बोलावीन!”

“बोलवा. मी बी बोलवणारच होतो. कंप्लेंट लिहाची हाय, माही पोरगी हरवली म्हणून. घरी हाय, पण कागदावर बंगलोरले हाय. कोणती खरी ते पोलीस पाहतील.”

“अहो, काय बोलताय! मुलीचं करिअर खराब होईल अशाने.”

“मले तेच सांगा,” भीमराव शिडीवरून म्हणाले. आता आवाज इतका खाली होता की आगाशेंना मान वर करून शिडीच्या पायाशी यावं लागलं. “कोणतं करिअर? चार वर्षं शिकवलं. साठ तास तुम्ही हात कसा मिळवाचा ते शिकवलं, टाय कसा बांधाचा ते शिकवलं. आन् पोरगी हात मिळवाले निघाली, तं तुम्ही दाराले कडी लावली. कायले, तं तुमचा फोटो बिघडते. तुम्हाले पोरं नाही लागत साहेब, फोटो लागतात.”

आगाशेंच्या मागे मघाचा माहितीपत्रकवाला गृहस्थ येऊन उभा होता. “सर, आप ही प्लेसमेंट वाले हैं? बारह में से दो कट गए. बाकी दस का भी बता दीजिए.”

आगाशेंनी त्याच्याकडे पाहून कोर्समधलं हसू काढलं. ते निम्म्यावर अडकलं.

“काय हवंय तुम्हाला?” ते दातांतून म्हणाले.

“लेखी. मयूरी वानखडे प्लेस्ड नाही. उद्या इंटरव्ह्यूले बसल. सही, शिक्का, तारीख. हा कौशिक हाय, याचं बी.”

“शिक्का ऑफिसात आहे.”

“मी इथंच हाय.”

शिक्का आणायला कार गेली आणि आली. पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात समोरच्या कोचिंगचा पहिला तास बुडाला आणि फ्लेक्सवरच्या आणखी एका मुलाचे वडील मोबाइलवर पत्ता विचारत निघाले. आगाशेंनी कारच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. भीमरावांनी शिडीवरूनच वाचला, तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली, घडी घालून खिशात ठेवला आणि खाली उतरले.

“आता तरी काढा ती लाकडं!”

“ते काम झाल्यावर. मधात नाही काढता येत.”

“काम झालं ना!”

“कागद झाला,” भीमराव म्हणाले, आणि शिडी खांद्यावर टाकून चालू लागले. आगाशेंनी ड्रायव्हरला वर चढून काढायला सांगितलं. ड्रायव्हरने गर्दीकडे पाहिलं आणि मला शिडी नाही म्हणाला.

गुरुवारी मयूरी सलवार-कमीज घालून गेली. दारात आगाशे उभे होते. तिच्याकडे न पाहता “स्माईल” एवढं म्हणाले. आत पॅनल कंपनीचे मालक, चष्मा कपाळावर, समोर टेबलावर मोटरचा एक उघडा स्टार्टर. त्यांनी ना स्ट्रेंग्थ विचारली, ना वीकनेस.

“बायपास वाला क्रॉस तुम्हारे पिताजी ने लगाया?”

हनुवटी आपोआप वर जायला लागली, ती मयूरीने खाली आणली. “जी.”

“क्यों?”

“क्योंकि वो झूठ था, सर.”

मालकांनी स्टार्टर तिच्याकडे सरकवला. “ये चल नहीं रहा. देखो.”

तिला वीस मिनिटं लागली. एकदा चुकली, सुरुवातीपासून पुन्हा तपासलं, कॉइलची वायर तुटलेली निघाली. मालक म्हणाले, सोमवारी सकाळी आठला ये, महिनाभर बघू. कौशिकला नाही म्हणाले. त्याने बाहेर येऊन मयूरीचं अभिनंदन केलं आणि अकरावीच्या तासाला उशीर होतो म्हणून पळाला.

शुक्रवारी आगाशेंचा फोन आला. “वानखडे, अभिनंदन! बघा, झालं ना सगळं छान? जरा तिला ब्लेझरमध्ये पाठवा, नवीन फोटो...”

भीमरावांनी फोन ठेवला. असा फोन ठेवण्याची त्यांची ही आयुष्यातली पहिली वेळ. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मयूरी घरी आली. बोटाला चिंधी होती, नखांत काळं होतं. भीमरावांनी चिंधी सोडवून जखम पाहिली, पुन्हा बांधली आणि रंगाऱ्याकडून शिडी आणली. अजून ऊन होतं. गोपालपुऱ्याला जाऊन त्यांनी दोन्ही फळ्या सोडवल्या, तार गुंडाळून खिशात टाकली. मग धारदार चाकूने मुलीचा चेहरा, ब्लेझरसकट, चौकोन करून फ्लेक्समधून कापला. शंभर टक्क्यांच्या खाली एक खिडकी पडली. तिच्यातून मागच्या कोचिंगची पाटी दिसत होती, तिच्यावरही चेहरेच होते. कौशिकची फुली त्यांनी हलवली नाही. तो अजून शिकवत होता.

तो फ्लेक्सचा तुकडा वानखड्यांच्या गच्चीवर कूलरला ऊन लागू नये म्हणून बांधला आहे. ब्लेझरची बाजू वर.