पुंडलिकाच्या दंडावरची देवी

मित्रांनो, पासपोर्ट तुम्ही पाहिला असेल. त्याचा रुबाबच मोठा! मी मात्र एक जुनी, पातळ, पिवळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका आहे. परदेशी जाणाऱ्या माणसाला देवीची लस टोचली आहे, एवढंच मी सांगते. पण माझ्या काळी माझ्यावाचून त्या पासपोर्टाचं पान हलत नव्हतं. व्हिसा असो, तिकीट असो, माझ्या पानावर शिक्का नसेल तर माणूस विमानाच्या दारातून माघारी यायचा.

माझा जन्म एका सरकारी छापखान्यात झाला. तिथून गठ्ठ्यात बांधून मला भिलाईला धाडलं. तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. सगळीकडे लाल धूळ उडायची आणि दिवसभर ठोकाठोक चालायची. दवाखान्याच्या कपाटात मी तीन महिने पडून होते. मग एके दिवशी कंपाउंडर ओमप्रकाशने मला उघडलं आणि पहिल्या पानावर नाव लिहिलं: पुंडलिक. त्या क्षणी मी कुणाची तरी झाले. किती आनंद झाला म्हणून सांगू!

पुंडलिक भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून आला होता. कारखान्यात तो खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून घमेली वाहायचा. भट्टीचं काम शिकायला रशियाला जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं, तेव्हा त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. संध्याकाळी त्या लोकांचा वर्ग भरायचा. घरात शिरताना टोपी काढा, पाव आणि मीठ पुढे केलं तर नाही म्हणू नका, फुलं द्याल तर विषम द्या, कारण सम फुलं रशियात मेलेल्या माणसाला वाहतात. पुंडलिक हे सगळं घोकायचा. मी त्याच्या खिशात बसून ऐकायचे. माझा वर्ग मात्र कुणी घेतला नाही. सूचना माझ्या अंगावर छापलेल्या होत्या, त्याही इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये.

नियम साधा होता. पुंडलिकाच्या दंडावर लहानपणीच्या टोचणीचा वण नव्हता. म्हणून आता टोचल्यावर फोड आला पाहिजे, तो डॉक्टरांनी पाहिला पाहिजे आणि मग शिक्का. टोचल्याला आठ दिवस होईपर्यंत तो शिक्काही कुचकामाचा.

पहिल्यांदा टोचलं तेव्हा निघायला महिना होता. पुंडलिक सकाळची पाळी करून, दवाखान्यातून सेक्टर दोनमधल्या क्वार्टरात आला. सदरा काढला, मला फळीवर ठेवलं आणि आडवा झाला. त्याला गाढ झोप लागली. तेवढ्यात त्याची आई भागीरथा आली. तिने चिंधी लिंबाच्या रसात बुडवली आणि त्याचा दंड हलक्या हाताने पुसला. एकदा नाही, तीनदा. लस गेली! मी फळीवरून सगळं पाहत होते. "बाई, थांब!" असं ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे होतं? पानापानांतून छापलेली अक्षरं होती, ती तिला वाचता येत नव्हती.

आठवड्याने दंड कोरा. पुन्हा टोचलं. पुन्हा दुपार, पुन्हा झोप, पुन्हा लिंबू. मित्रांनो, माझा जीव तीळ तीळ तुटत होता.

दुसऱ्यांदाही दंड कोरा पाहून ओमप्रकाश वैतागला. "घर में कोई धोता है क्या? परसों आखिरी बार टीका लगाऊँगा. इस बार नहीं उठा तो लिस्ट से नाम कटेगा."

पुंडलिक तरातरा घरी आला. "माय, तू दंड पुसला?"

भागीरथा भाकरी थापत होती. तिने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "हो, मीच पुसला. पुन्हा टोचशील तं पुन्हा पुसीन. तुह्या बहिणीले देवी काढली, अन् आठव्या दिशी लेकरू गेलं. तुलेबी त्याच दिशी टोचलं होतं, सा महिन्याचा होता तू. तुहा दंड मी लिंबानं धुतला, म्हणून आज माह्यापुढं उभा हायस."

"माय, अकरा दिवस राहिले! शिक्का नाई बसला तं माहं नाव कटते. जिंदगीभर घमेलेच उचलत राहू का?"

"उचल. पण जित्ता राहा."

पुंडलिकाने कपाळावर हात मारून घेतला. तो रडकुंडीला आला होता. दोन वाक्यांत तिला समजावता आलं असतं, की ही लस रोग आणत नाही, रोग अडवते. बहिणीच्या अंगात तो आधीच शिरला असेल. पण त्याला ते सुचलं नाही. पाव-मिठाचे नियम पाठ असलेला माणूस आईपुढे मुका झाला. त्याने मला उचललं, दोन कपडे घेतले आणि गावाकडच्या गुलाबच्या खोलीवर राहायला गेला. गुलाब एकट्या कामगारांच्या होस्टेलात राहायचा.

तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा गाडीला नऊ दिवस होते.

भागीरथा रोज दुपारी यायची. उन्हातान्हात, अनवाणी, हातात डबा घेऊन. पुंडलिक दाराची कडी काढायचा नाही. गुलाब बाहेर जाऊन डबा घ्यायचा.

"मले फक्त दंड पाहू दे रे," ती दाराला तोंड लावून म्हणायची. "हात नाई लावत. शप्पथ."

तिसऱ्या दिवशी पुंडलिकाला ताप भरला. त्याचं कण्हणं तिला बाहेर ऐकू गेलं आणि तिने दारावर डोकं आपटलं. "बाप्पा, तेच होऊन राहिलं! दार खोल ना रे!" मी उशाशी होते. इतके दिवस त्या बाईवर दात खात होते मी. त्या दिवशी माझं मलाच कळेना, कुणाची बाजू घ्यावी. फोड उठला नाही तर लेकाचं आयुष्य मातीत जाणार होतं. आणि उठला तर बाहेर ती माऊली वेडीच होणार होती.

ताप उतरला. फोड उठला, चांगला टपोरा. आठव्या दिवशी माझ्या पानावर शिक्का बसला. ओमप्रकाशने मला फुंकर घालून वाळवलं. ज्या शिक्क्यासाठी माझा जन्म झाला, तो मिळाला, पण आनंद कसा तो झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पुंडलिक तसाच होस्टेलातून दुर्ग स्टेशनला गेला. नागपूर, दिल्ली आणि तिथून विमान. गाडी लागली होती. गर्दीतून भागीरथा धापा टाकत आली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.

"दाखव."

पुंडलिकाने अंग चोरलं. गुलाब म्हणाला, "आता दाखव ना बे! शिक्का बसला. आता पुसून पुसून काय पुसन ते?"

पुंडलिकाने बाही वर सारली. लाल कडेचा तो फोड भागीरथेने पाहिला. तिचा हात पदराकडे गेला. मी खिशात शहारले. पण तिने पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही हात जोडले आणि लेकाच्या कोपरापाशी कपाळ टेकलं.

"माय, आली तं रागावू नको," ती त्या फोडाला म्हणाली. "दोनदा मी तुले पुसलं, त्याची शिक्षा मले दे. हा परक्या मुलखात चालला. मले कोणी येऊ देत नाई तिकडं. तूच जाय त्याच्यासंगं. सांभाळून आण."

पुंडलिक ओक्साबोक्शी रडला. "माय, आठ दिवस तुले दारात उभं ठेवलं मी." शिट्टी झाली. लस काय असते ते सांगायला तेव्हाही वेळ उरला नाही.

पुढे मला दिल्लीत उघडलं, रशियात उघडलं. सगळ्यांनी शिक्का पाहिला, मान डोलावली. आठ दिवस दारात उभी राहिलेली बाई माझ्या पानात कुणाला दिसली नाही. वर्षभराने पुंडलिक सुखरूप परतला. नंतर देवीचा रोगच जगातून गेला आणि मला कुणी विचारेनासं झालं. आता मी ट्रंकेच्या तळाशी असते. कसर माझ्या कडा खाते.

मित्रांनो, जुने कागद जपा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. परदेशाचे नियम शिकाल, तिथल्या माणसांच्या रीती पाठ कराल, तेव्हा घरी जा, आईजवळ बसा आणि तिला तिच्या बोलीत सगळं सांगा. निघायच्या आधी सांगा. गाडीला वेळ असतानाच सांगा.