काकांच्या मापाचा पाळणा

आमच्या सुतारकाम मंडळात आजवर कुणाचंही बोट तुटलेलं नाही. हे आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगतो, कारण अभिमानाने सांगण्यासारखं दुसरं फारसं काही नाही.

मंडळ भरतं एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाच्या तळघरात. दुकानदार जाताना चपला घेऊन गेला आणि खोकी ठेवून गेला, त्यामुळे आमची हत्यारं बुटांच्या खोक्यांत असतात. सहा नंबरात खिळे, आठ नंबरात पटाशा, दहा नंबरात रंधे. नव्या सभासदाला “जरा आठ नंबर दे” म्हटलं की काय द्यायचं ते महिनाभर कळत नाही. एकाने पायातला बूट काढून दिला होता. बघितलं तर तो खरंच आठ नंबरचा निघाला, त्यामुळे त्याला काही बोलताही येईना.

अध्यक्ष आहेत डॉक्टरबाई. दातांच्या. लाकडाला भोक पाडण्याआधी त्या सवयीने “थोडं दुखेल हं” म्हणतात आणि मग आम्ही बाकीचेही जरा श्वास रोखून धरतो.

दुसरे महत्त्वाचे सभासद म्हणजे ड्रायव्हरकाका. बत्तीस वर्षं ट्रक चालवून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांना सुतारकाम येत नाही. त्यांना मंडळात घेतलं ते त्यांच्या वजनासाठी. ते एकशे अठरा किलो आहे. नियम असा, की माणसाच्या वापराची कुठलीही वस्तू तळघराबाहेर जाण्याआधी काका तिच्यावर पाच मिनिटं बसणार. टिकली, तर डॉक्टरबाई मंडळाचा लोखंडी शिक्का तापवून तिच्यावर उमटवणार. मोडली, तर त्या लाकडाची पक्ष्यांची घरटी करायची, म्हणजे लाकूड वाया जात नाही. काका हे काम फार मनापासून करतात. खुर्ची मोडली तर उठून कपडे झटकतात आणि तिच्या कर्त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. तो हातही बराच जड असतो.

आणखी एक नियम आहे. एकदा तापवलेला शिक्का रिकामा गार होऊ द्यायचा नाही. हा नियम कुणी केला आणि का केला, ते आता कुणालाच आठवत नाही, म्हणून तो बदलताही येत नाही. तळघराच्या दारावर या नियमाचे चार शिक्के आहेत. चारही वेळा डॉक्टरबाईंनी भाऊजींवर विश्वास ठेवून शिक्का आधीच तापवला होता.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. हवामान खात्यात नोकरीला आहेत, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर टक्क्यांत देतात. जेवणार का म्हटलं तर साठ टक्के म्हणतात आणि दोनदा वाढून घेतात. दोन वर्षं ते मंडळात आहेत. दोन वर्षांत त्यांनी एक स्टूल, एक बाक, एक खुर्ची आणि हिंमत करून पुन्हा एक स्टूल केलं. आज आमच्या भागातल्या पक्ष्यांचा घरांचा प्रश्न पूर्णपणे मिटलेला आहे. पहिल्या स्टुलाचं घरटं तर ताईच्या बाल्कनीतच टांगलेलं आहे आणि त्यात एक चिमणी पहिल्या आठवड्यातच राहायला आली.

ताईला दिवस गेले तेव्हा भाऊजींनी जाहीर केलं, की बाळाचा पाळणा मी करणार, आणि बाळ यायच्या आत त्यावर मंडळाचा शिक्का असणार. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “बापाने केलेली एक तरी वस्तू अशी असावी रे, जिच्यात पक्षी राहत नाहीत.”

मी हसलो नाही. हसण्याची शक्यता ऐंशी टक्के होती, पण त्यांचा चेहरा बघितला.

मंडळाच्या बैठकीत प्रश्न निघाला, की पाळण्यावर काकांनी बसायचं का. मी वाळूची छोटी पोती सुचवली. डॉक्टरबाईंचंही म्हणणं पडलं, की पाळण्यात झोपणार ते बाळ, त्याला एवढी परीक्षा कशाला, या एका वेळी सूट देऊ. काका म्हणाले, मला काय, मी बसेन नाहीतर उभा राहीन. भाऊजी मात्र हटून बसले. सवलतीचा शिक्का त्यांना नको होता. बाकीच्या वस्तूंवर काका बसतात तर पाळण्यावरही बसतील.

त्यानंतर दोन महिने भाऊजी तळघराच्या कोपऱ्यात चादर लावून, चादरीच्या आत काम करत होते. या काळात त्यांना काकांचा फार लळा लागला. भेटले की मिठी मारायचे, आणि मिठी सुटली की पाठ वळवून कागदावर काहीतरी लिहायचे. एकदा त्यांनी काकांना भिंतीला टेकून उभं केलं आणि दोन्ही खांद्यांशी पेन्सिलीने खुणा केल्या. बाप होणार म्हटल्यावर माणूस हळवा होतो, असं मी घरी सांगितलं. ताई म्हणाली, मला तर दोन महिन्यांत एकही मिठी नाही.

शेवटी एका शनिवारी दुपारी परीक्षा ठरली. बाळ यायला तीन आठवडे राहिले होते. ताई पोट सांभाळत पायऱ्या उतरून आली. तिला आम्ही शिक्का असलेल्या खुर्चीत बसवलं. भाऊजींनी टिकण्याची शक्यता सत्तर टक्के सांगितली. डॉक्टरबाईंनी शिक्का तापत ठेवला. आम्ही सगळ्यांनी एकदा दाराकडे बघितलं. दारावर पाचव्या शिक्क्याला जागा होती.

भाऊजींनी चादर ओढली.

दोन भक्कम खांब, वर आडवी तुळई आणि मध्ये झुलणारा सागवानी पाळणा. एकही खिळा नाही. प्रत्येक फळीचं टोक शेजारच्या फळीच्या खाचेत असं बसलेलं, की मध्ये केससुद्धा जाऊ नये. पॉलिश इतकं सुरेख, की त्यात काकांचं अख्खं पोट दिसत होतं. दोन वर्षं ज्याच्या हातून एक धड पाय होत नव्हता, त्याने हे कधी शिकून घेतलं, ते आम्हाला कळलंच नाही. घरटी करून करून हात बसला असणार.

काकांनी चपला काढल्या, एक पाय आत टाकला, दुसरा टाकला आणि बसले. लाकूड कुरकुरलं नाही. मग, झोपायची वस्तू आहे म्हटल्यावर आडवं होऊनच बघू, असं म्हणत ते आडवे झाले. अंड्याच्या ट्रेमध्ये अंडं बसावं तसे बसले. इकडे बोटभर जागा, तिकडे बोटभर जागा. डॉक्टरबाईंनी घड्याळ हातात धरलं आणि नियमात नसतानाही हलकेच एक झोका दिला.

तिसऱ्या मिनिटाला काका घोरायला लागले.

काकांना चार वर्षं झोप नव्हती. बत्तीस वर्षं बुडाखाली रस्ता हलत होता. आता पलंग जागचा हलत नाही म्हटल्यावर त्यांचा डोळा लागेना. काकूंनी सगळे उपाय करून बघितले होते. डोळे लाल घेऊनच ते मंडळात यायचे, आणि कुणी विचारलं तर भुसा गेला म्हणायचे.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. त्यांना उठवायला कुणी तयार होईना. डॉक्टरबाईंनी पाय न वाजवता शिक्का आणला आणि खांबावर टेकवला. चर्र झालं, धूर निघाला, घोरणं चालूच राहिलं. भाऊजींनी त्या शिक्क्याला लगेच बोट लावलं आणि भाजून घेतलं. तुटलेली बोटं आमच्याकडे नाहीत. भाजलेली आम्ही मोजत नाही.

मग ताई उठली. पाळण्याभोवती एक फेरी मारली. आत वाकून काकांकडे बघितलं, मग भाऊजींकडे बघितलं.

“सुंदर झालाय,” ती म्हणाली. “पण अहो, डॉक्टरांनी बाळ तीन किलोचं सांगितलंय. तुम्ही काय ऐकलंत?”

भाऊजींनी एकदा पाळण्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. परीक्षा काकांची होती, म्हणून मापं काकांची घेतली. दोन महिने रोज मापं तपासली, प्रत्येक फळी दोनदा मोजली, आणि त्यात बाळाचं माप एकदाही आलं नाही. त्या पाळण्यात बाळ ठेवलं असतं तर सकाळी ते शोधायला टॉर्च लागला असता.

कुणीतरी पुटपुटलं, की कापून लहान करता येईल. भाऊजींनी करवत घेतली आणि ते पाळण्यापाशी जाऊन उभे राहिले. तेवढ्यात काकांनी डोळे उघडले. सव्वादोन तास झाले होते. डोक्यावर करवत बघूनही ते दचकले नाहीत. गालावर हात फिरवत, लहान मुलासारखे लाजून म्हणाले, “झोप लागली रे मला.”

भाऊजींनी करवत खाली ठेवली.

“पाळणा तुमचाच आहे, काका,” ते म्हणाले. “तुमच्याच मापाचा आहे.”

दुसऱ्या दिवशी काकू टेम्पो घेऊन आल्या आणि तो घेऊन गेल्या. आता काकू त्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून दुपारी पेपर वाचतात. शिक्का मिळालेली भाऊजींची एकमेव वस्तू अशी हातची गेली, आणि हातात उरले वीस दिवस.

मग मात्र मंडळाने भाऊजींना चादरीच्या आत एकट्याला सोडलं नाही. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी मैद्याची तीन किलोची पिशवी टॉवेलात गुंडाळून आणली आणि टेबलावर ठेवली. सगळी मापं हिची घ्यायची, दुसऱ्या कुणाचीही नाहीत. आठवडाभरात अशी अवस्था झाली, की पिशवी उचलताना प्रत्येकजण डोक्याखाली हात धरायला लागला. पिशवीला डोकं नसतं, हे माहीत असूनही. मी एकदा ती खिडकीपाशी ठेवली, तर काका माझ्यावर केवढ्याने ओरडले, वारा लागतोय म्हणून.

काका तर ओळखू येत नव्हते. झोपून उठलेला माणूस किती बोलतो, ते आम्हाला चार वर्षांत कळलं नव्हतं. त्यांनी कठड्याचे बारा गज पॉलिश पेपरने घासले, गालाला लावून बघितले आणि बाराही परत घासले. डॉक्टरबाईंनी खाचा कोरल्या, प्रत्येकीला दुखेल म्हणून सांगितलं. मी खालची फळी रंधून दिली आणि भाऊजींनी ती न बोलता परत रंधली. जुळणी सगळी त्यांची. बैठकीत नवा नियमही झाला, कारण या पाळण्यावर काका बसले असते तर आणखी एका चिमणीची सोय झाली असती. वस्तू ज्याच्यासाठी, परीक्षा त्याने घ्यायची. बाळ पाच मिनिटं झोपलं तर शिक्का.

बाळ सहा दिवस आधीच आलं. मुलगी. तीन किलो शंभर ग्रॅम. भाऊजी दवाखान्यातून तडक तळघरात आले, पिशवीत शंभर ग्रॅम मैदा वाढवला आणि सगळी मापं पुन्हा तपासून बघितली. पाळणा जमत होता.

रविवारी सकाळी अख्खं मंडळ ताईच्या घरी मोज्यांवर उभं होतं. स्वयंपाकघरात गॅसवर शिक्का तापत होता. ताईने लेकीला पाळण्यात ठेवलं आणि लेकीने भोकाड पसरलं. भाऊजींनी झोका दिला, ती रडली. मी थोडं गाऊन दाखवलं, ती जास्त रडली. ताईने मला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. भाऊजी रडवेले होऊन त्या चिमुकल्या गजांना धरून उभे होते, आणि डॉक्टरबाई घड्याळाकडे बघायचं टाळत होत्या.

मग काका पुढे झाले. त्यांनी ओठ मिटले आणि घशातून ट्रकचं इंजिन सुरू केलं. चढावर उभ्या असलेल्या, भरलेल्या ट्रकचं. घर्रर्र, एका लयीत. ती रडता रडता थांबली. तोंड उघडंच ठेवून ऐकलं, एक जांभई दिली आणि झोपली.

एक मिनिट. दोन. पाच.

डॉक्टरबाई लाल झालेला शिक्का घेऊन आल्या, पाळण्याशी वाकल्या आणि सवयीने कुजबुजल्या, “थोडं दुखेल हं.” भाऊजींनी मध्ये हात घातला.

“राहू दे शिक्का,” ते म्हणाले. “चर्र होईल. उठेल ती.”

डॉक्टरबाईंनी त्यांना आठवण करून दिली, की यासाठी दोन वर्षं थांबलात. मग विचारलं, उठण्याची शक्यता किती टक्के. भाऊजींनी पाळण्यात वाकून बघितलं.

“टक्के नाही सांगता येणार. झोपलीय ती.”

आता प्रश्न शिक्क्याचा होता. तो तापलेला होता आणि नियम नियम होता. ताईच्या दाराकडे डॉक्टरबाईंची नजर गेली, तशी ताई दारासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने बोटाने बाल्कनी दाखवली. बाल्कनीत पहिल्या स्टुलाचं घरटं होतं. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, इथली वापरणारी किती दिवस राहतेय. मी सांगितलं, जवळजवळ दोन वर्षं, एकही तक्रार नाही. नव्या नियमाने परीक्षा केव्हाच झालेली होती. शिक्का टेकला, चर्र झालं, चिमणीने डोकं बाहेर काढून धूर बघितला, आम्हाला बघितलं आणि परत आत गेली.

भाऊजी बघायला आलेच नाहीत. आत येऊन बघतो तर ते एका बोटाने झोका देत होते, आणि काका भिंतीला टेकून उभ्या उभ्या गाढ झोपले होते. इंजिन मात्र चालूच होतं.