बोटीच्या आतला हात

बोटीचा रंग बघून वाहवा करणाऱ्यांचा मला राग येतो. रंग कोणीही फासतो. मीही फासतो. त्याआधी, जिथं कुणाचं लक्ष जात नाही अशा आतल्या बाजूला माझ्या मामीनं काय केलं ते लिहितो.

मामानं हातभर लाकडी बोट दीड वर्ष खपून केली. रिमोटवर चालणारी, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यासाठी बुडाला भोक असलेली. ती पुरी होता होता त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. म्हणजे ही शेवटची बोट. ती त्याला तळ्यात तरंगताना बघायची होती. बुडाली असती तर दुसरी करायला हात नव्हता.

तळ्यावर अशाच बोटी सोडणारे मामाचे दोस्त घरी येऊन अक्कल पाजळून गेले: वरून रंगाचे तीन हात मारा, पाण्याची काय बिशाद! मी मूर्ख, लगेच डबा घेऊन हजर. मामीनं तो बाजूला ठेवायला लावला. तिचा जन्म रेनकोटच्या कारखान्यात शिलाई करण्यात गेला. म्हणाली, कापड गळत नाही, सुईनं पाडलेलं भोक गळतं.

तिनं रेझिनमध्ये, म्हणजे वाळून काचेसारख्या कडक होणाऱ्या चिकट रसायनात, थिनर घालून ते पातळ केलं. पहिला हात लाकडानं प्यायला पाहिजे, वर नुसता बसून चालत नाही. जुन्या ब्रशचे केस अर्धे कापून आतल्या फासळ्यांचे कोपरे न् कोपरे भरले. वाळल्यावर लाकडाचे तंतू उभे राहिले. ते पॉलिशपेपरनं घासले आणि दुसरा हात दिला. मग बाहेरून तेच. चार दिवस घरभर वास, जेवण गॅलरीत. मामा खुर्चीतून सूचना सोडत होता आणि ती एकही कानावर घेत नव्हती.

पाचव्या दिवशी तिनं टेबलावर कोरडं वर्तमानपत्र पसरलं, दोन विटांवर बोट टेकवली, दांड्याचं भोक मेणानं बुजवलं आणि आत तांब्याभर पाणी ओतलं. मामा ताडकन उठला.

"अगं, बोटीत पाणी जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप, आणि तूच ओततेस?"

"तळ्यात गळली तर तुम्हाला बुडताना दिसेल. इथं गळली तर मला थेंब दिसेल."

दहा मिनिटांत कागदावर डाग पडला. दांड्याच्या भोकाखाली नाही, इंचभर पुढं, जिथं सगळं गुळगुळीत होतं. मामीनं तिथं नखानं खरवडलं. आतून भुसभुशीत लांबी निघाली, रंगारी भेगा बुजवायला भरतात ती. रेझिननं तिला धरलंच नव्हतं.

मामा खिडकीबाहेर बघायला लागला. दांड्यासाठी पाडलेलं पहिलं भोक चुकीच्या जागी पडलं होतं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसानं ते लांबी भरून, घासून, बायकोपासूनही लपवलं होतं.

मी तोंड उघडणार होतो. मामीनं रिकामा तांब्या माझ्या हातात कोंबला. तिनं पाणी काढलं, भोक साफ केलं, आणि मामापुढं लाकडाचा तुकडा नि चाकू ठेवला.

"याला बूच लागेल. मला सुतारकाम येत नाही."

त्याचा हात हलत होता. तिनं मनगट धरलं, घट्ट. तीन बुचं वाया गेली. चौथं बसलं. रेझिन लावून ते ठोकलं, वर आतून-बाहेरून पुन्हा हात दिला.

दोन दिवसांनी परत पाणी, परत कोरडा कागद. तिघंही तासभर त्या कागदाकडं बघत बसलो. कोरडा ठणठणीत.

मामाला राहवेना. आणखी पाणी घालायला म्हणून त्यानं स्वतः पेला उचलला आणि निम्मा कागदावरच सांडला.

"हा डाग मोजू नकोस," तो म्हणाला. "हा माझा आहे."

"पहिलाही तुमचाच होता," मामी म्हणाली आणि फडकं आणायला गेली.