माझ्या हातची केबल

धाकट्या बहिणीच्या घरातली इंटरनेटची केबल नऊ वर्षांपूर्वी मीच टाकली. दाराच्या चौकटीला लागून इतकी सरळ, की रंगाऱ्याने विचारलं होतं, पट्टी लावून टाकलीत का? या धंद्यात माझ्याइतका साफ हात कुणाचा नाही. हे मीच सांगतो, कारण बाकीचे सांगायला फार वेळ लावतात.

परवा सकाळी दहाला तिचा फोन आला. अकराला तिची मुलाखत होती, कॉम्प्युटरवरून, समोर तीन माणसं. बावीस वर्षं घर सांभाळल्यावर पहिल्यांदाच नोकरीसाठी कुणी बोलावलं होतं. आणि इंटरनेट दर दोन मिनिटांनी मान टाकत होतं.

"दादा, माझा चेहरा मध्येच थिजतो रे. आ वासलेलाच राहतो."

मी मुलीला घेऊन निघालो. तीही याच कामात आहे. शिकवण माझी, वाद घालायची हौस तिची स्वतःची.

तिने मीटर लावला. बाहेरच्या डब्यापाशी सिग्नल ठणठणीत, आत मोडेमपाशी अगदीच मरतुकडा.

"मोडेम गेलाय, बदलून टाक," मी म्हटलं.

तिने मोडेमकडे पाहिलंही नाही. गुडघ्यांवर बसून केबलवरून बोट फिरवत गेली आणि चौकटीच्या कोपऱ्याशी थांबली.

"बाबा, इथे हात लावा."

लावला. कोपरा देखणा दिसावा म्हणून मी तिथे केबल काटकोनात मोडली होती आणि वर लोखंडी पिन ठोकली होती. जरा जास्तच जोरात. केबल चपटी झाली होती, आणि पिनेचं टोक आत घुसलं होतं.

"आतली तार आणि भोवतीची जाळी यांच्यात अंतर सगळीकडे सारखं लागतं," ती हळू आवाजात म्हणाली. "इथे ते दबलंय. सिग्नल इथूनच मागे फिरतोय. तुम्हीच शिकवलंत हे."

शिकवलं होतं खरं. माझे कान तापले. तिने तो तुकडा कापून दाखवला, तर टोचलेल्या जागी वर्षानुवर्षं दमट हवा शिरून जाळी काळी पडली होती.

मग तिने नवी केबल टाकली, खोलीच्या मधोमध, मोठं वळण देत. दिसायला अगदी गबाळी. मी हात पाठीमागे बांधून घेतले. अकराला दहा कमी असताना मीटर खूश झाला.

बहीण केस नीट करत बाहेर आली. "काय झालं होतं गं?"

"काही नाही आत्या, केबल जुनी झाली होती," मुलगी म्हणाली. माझ्याकडे मुद्दामच पाहिलं नाही तिने.

बापाला पाठीशी घालत होती. मला ते खपेना.

"जुनीबिनी काही नाही," मी म्हणालो. "मी चिरडली होती. मी मोडेमला नावं ठेवत बसलो आणि हिने दहा मिनिटांत शोधून काढलं."

बहिणीने दार लोटून घेतलं. चाळीस मिनिटं तिचा आवाज एकदाही तुटला नाही. बाहेर आली ती डोळे पुसतच.

"सोमवारपासून या म्हणाले."

मी हात पसरून पुढे झालो, पण ती आधी भाचीच्या गळ्यात पडली. बरोबरच होतं ते. मी बाजूला उभा राहिलो, आणि अभिमानाने माझा ऊर भरून आला.